सोडलेली ओळ

माझ्याकडे एक तबकडी आहे. काळी, जड, कडेला टवका उडालेली. मधल्या निळ्या कागदावर आमच्या चाळीचं नाव आहे, दोन गाण्यांची नावं आहेत आणि 'पारंपरिक' असा एक धडधडीत खोटा शब्द छापलेला आहे. गाणारा माझा थोरला भाऊ, पेटीवर मी. आमची पहिली तबकडी हीच आणि शेवटचीही हीच. माझा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवतो आणि पाहुणे विचारतात, "वाजते का अजून?" वाजते की. फक्त एका ठिकाणी ती गप्प होते. त्या जागेबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही, कारण ती रिकामी राहिली त्यात माझाही वाटा आहे.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. आम्ही दोघं भाऊ लालबागच्या चाळीत एका खोलीत राहत होतो. आम्ही दोघं म्हणजे आम्ही दोघं आणि आमच्या गावचे आणखी अकरा जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. तिन्ही मजल्यांवर हीच तऱ्हा. बायका गावाला, पोरं गावाला, शेत गावाला आणि माणूस इथे. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे माझं एक बरं होतं. दादाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत तो वहिनीबरोबर राहिला होता ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात एकदा. "माका कधी नेतलात?" असं ती दरवेळी निघताना विचारायची. "पुढच्या खेपेला बघू," असं तो दरवेळी सांगायचा. मला त्या उत्तराचा राग यायचा, पण मी तरी दुसरं काय सुचवणार होतो? तेरा पुरुषांच्या खोलीत चौदावी बाई कुठे बसवायची?

दादा परळच्या एका गिरणीत साचे चालवायचा. साचे खात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात. शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर एक तर हातवारे करायचे, नाही तर ओठ हलवून दाखवायचे. त्यातून बाहेर पडलेला माणूस खोलीत पाणी मागतो तेही पटांगणात ऐकू येईल इतक्या जोरात. दादाचा आवाज तसा होता. वर त्यात एक खरखर होती, कापसाची धूळ खाऊन आलेली. वैद्य म्हणाले होते, ही खरखर वाढत जाईल आणि एक दिवस आवाजच घेऊन जाईल. दादाने ते मला सांगितलं आणि वर बजावलं, "गावाक बोलू नको."

आमचा चौघांचा ताफा होता. दादा, मी, वरळीच्या बीडीडी चाळीतला एक ढोलकीवाला आणि गिरगावातल्या ख्रिस्ती वाडीतला एक वायरमन. ढोलकीवाला आणि दादा एकाच खात्यातले. तो नुकताच सगळ्या कुटुंबासकट बौद्ध झाला होता आणि पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "गणपतीच्या गणाला मी हात लावणार नाही. गाणं थेट सुरू करणार असाल तर सांगा." दादा म्हणाला, "बरंच झालं, तेवढाच वेळ वाचला." वायरमन गिरणीत दिवे-पंखे सांभाळायचा आणि रविवारी एका हॉटेलच्या बँडमध्ये हवाईयन गिटार वाजवायचा. ती मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवतात. सूर असा घसरत, कण्हत जातो की पहिल्यांदा ऐकताना मी पेटी वाजवायची थांबलो. तो सांगायचा, गोदीतल्या खलाशांनी त्याला अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या तबकड्या ऐकवल्या होत्या. "सेम टू सेम तुमच्यासारखं, मॅन. तिकडे कापूस वेचतात नि रडतात. इकडे कापूस विणतात नि रडतात."

आमचं मुख्य गाणं मात्र ना त्याचं होतं ना आमचं. ते वहिनीचं होतं. एका मे महिन्यात दादा गावी अंगणात निजला होता आणि पहाटे जात्यावर वहिनी काहीतरी म्हणत होती. तिला वाटलं सगळे झोपलेत. दादाने ते ऐकलं, मनात घोळवत बोटीने मुंबईला आणलं, आणि चाळीतल्यांना कळेल अशा बोलीत बसवलं. त्याचा शेवट असा:

बोट गेली गं ममईला, धूर दिसे अर्ध्या वाटे,
दिवा लाविते तिन्हीसांजा, मला पाऊल वाजलं वाटे.

आता यातली गोम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे डबलबारीच्या भजनात काय, नमनाच्या खेळात काय, मुख्य गाणारा शेवटचा चरण अर्धा म्हणतो आणि थांबतो. उरलेला समोरच्यांनी उचलायचा. दादा हे गाणं पहिल्यांदा चाळीच्या पटांगणात गायला तेव्हा 'दिवा लाविते तिन्हीसांजा' म्हणून त्याने मान वर केली, हात वर केला, आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून दीड-दोनशे पुरुष एकदम म्हणाले, "मला पाऊल वाजलं वाटे." बाईच्या तोंडची ओळ, आणि म्हणणारे सगळे मिशाळ, लुंगीवाले गडी. कुणी हसलं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापलं दार होतं. त्या दिवसापासून ती ओळ दादाची राहिलीच नाही, ती चाळीची झाली.

सगळ्यांनाच आमचं गाणं आवडायचं असं नाही. रोज सभा होत्या, प्रभातफेऱ्या होत्या, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा पोरंटोरंही झोपेत द्यायची. आम्ही चौघंही मोर्च्यात असायचो. ढोलकीवाल्याने तर लाठी खाल्लेली. सभेआधी लोक जमवायला गाणी लागायची आणि आम्हाला बोलावणं यायचं, पण ताकीद देऊन. चाळ कमिटीचे एक पुढारी होते, माणूस सचोटीचा पण कायम फणकाऱ्यात. ते एकदा दादाला सर्वांदेखत म्हणाले, "अरे, मुंबई मिळवायची वेळ आहे. रक्त तापेल असं काही गा. हा बोटीचा धूर काय बघत बसलायस?"

दादा शांतपणे म्हणाला, "मिळवूया की. मी कुठे नाही म्हणतो? पण मुंबई मिळाली की तिच्यात बायकोला ठेवू कुठे, तेवढं कमिटीने सांगावं."



तबकडीची कल्पना दादाचीच. आवाज आहे तोवर तो कशावर तरी उतरवून वहिनीला ऐकवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सहा वर्षांत तिने त्याला ताफ्यासोबत गाताना एकदाही ऐकलं नव्हतं. तिचंच गाणं इथे दोनशे पुरुष म्हणतात हे तिला ठाऊकही नव्हतं. नाव वगैरे कमवायची हौस मला होती, त्याला नव्हती. मोठ्या कंपनीच्या साहेबाने आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. धड लोकगीत नाही, धड सिनेमासारखं नाही, आणि हे गिटार कशाला, असं त्याचं म्हणणं. मग वायरमनने गिरगावातला एक माणूस शोधून काढला. तो एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खासगी तबकड्या कापून द्यायचा, आणि त्यावरून पुढे थोड्या प्रती निघायच्या.

तो निघाला गुजराती. दिवस असे होते की ढोलकीवाला जिन्यातच अडला. "आपण मोर्चे कुणाविरुद्ध काढतोय?" दादा म्हणाला, "सरकारविरुद्ध. चल वर." आणि माणूस मोठा गोड निघाला. आल्या आल्या चहा दिला, ढोलकीवर प्रेमाने हात फिरवून बघितला. त्याच्या खोलीच्या भिंतींना गाद्या बांधल्या होत्या, खिडकीवर घोंगड्या. मधोमध एकच मायक्रोफोन. कोऱ्या तबकड्या परदेशातून यायच्या आणि तेव्हा त्या येत नव्हत्या. "माझ्याकडे तीनच हाय," त्याने आधीच सांगितलं. "दोन बाजूला दोन. एक चुकीसाठी."

ती चुकीची तबकडी दादाने पहिल्या मिनिटातच खाल्ली. साचे खात्यातला गळा तो. तोंड उघडलं तशी सुई उडाली आणि मालक कान धरून खाली बसला. मग त्याने दादाला मायक्रोफोनपासून लांब नेत नेत थेट दाराशी उभं केलं. ढोलकी कोपऱ्यात, गिटार मध्ये, पेटी खाली. आणि आम्हाला बोट दाखवून दम भरला, "माईक एक, तोंड पण एक. बाकीचा कोणी तोंड उघडायचा नाय. समदा बिघडेल." आम्ही शाळेतल्यासारख्या माना हलवल्या.

एका बाजूला आमचं दुसरं गाणं, गिरणीच्या भोंग्यावरचं, नीट उतरलं. मग दुसरी बाजू. दादा असा गायला की मी हाताखालची पेटी विसरलो. छातीतली खरखर आणि गिटारचं कण्हणं, कोणतं कुठे संपतं कळेना. शेवट आला. 'दिवा लाविते तिन्हीसांजा' म्हणून दादाने मान वर केली, हात वर केला, आणि थांबला.

वर गादी बांधलेलं छत होतं.

मला सगळं समजलं. माझं तोंडही उघडलं. 'मला' हा शब्द जिभेवर आला होता. पण मालकाचं बोट आठवलं आणि मी ते मिटलं. ढोलकीवाला माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. गिटार तेवढी एकटीच चालत राहिली, ठेका पडत राहिला, ओळीची जागा सरकत गेली आणि गाणं संपलं. दादाचा हात तसाच वर होता.

मालक खूश. "बहु सरस! शेवटी काय पॉज घेतला!" त्याला वाटलं तशीच चाल आहे. दादा म्हणाला, "परत करूया." तो म्हणाला, "तबकडी खलास." मग निळ्या कागदावर काय छापायचं ते लिहून घ्यायला त्याने पेन उघडलं. "गाना कोणाचा लिहूं?"

हे आणखी एक. परक्या माणसापुढे बायकोचं नाव घ्यायचं? दादा लाजला, घसा खाकरला, भिंतीकडे बघू लागला. मी तर धाकटा दीर, मी वहिनीचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. मालकाने जरा वाट बघितली आणि आपल्या मनाने लिहिलं, 'पारंपरिक'. आम्ही दोघांनी मान डोलावली. असे आम्ही शूर, रस्त्यावर सरकारला जाब विचारणारे.

गिरगावातून आम्ही चालतच परत निघालो. भायखळ्याला दादा रस्त्यातच थांबला. मग म्हणाला, "अरे, ती ओळ इतक्या वर्षांत मी एकदाही म्हटली नाही. माझ्या तोंडात ती नव्हतीच."

"मी म्हणणार होतो," मी म्हणालो.

"मग म्हटली का नाहीस?"

मी पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. दादाने ते पुन्हा विचारलं नाही.

प्रती हातात आल्या त्या राज्य झालं त्याच आठवड्यात. चाळीला तोरणं होती, पेढे होते, फणकारेवाले पुढारी प्रत्येकाला मिठी मारत सुटले होते. सुट्टीच्या दुपारी पटांगणात लाऊडस्पीकर लावून आमची तबकडी वाजवली. हेच आमचं प्रकाशन. मी एका खांबामागे उभा राहिलो, कारण ती रिकामी जागा मला सर्वांसमोर ऐकायची नव्हती. पण 'दिवा लाविते तिन्हीसांजा' झालं आणि तिन्ही मजले, नेहमीसारखेच, जोरात म्हणाले, "मला पाऊल वाजलं वाटे." जागा भरून गेली. कुणाला काही कळलं नाही. पुढाऱ्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली, त्यांचेही डोळे ओले होते. सगळे हसत होते आणि दादा माझ्याकडे बघत होता. चाळीत चूक झाकली गेली. गावाला कोण झाकणार, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेलो. तबकडी धोतरात गुंडाळून दादाने मांडीवर धरली होती, सबंध प्रवासभर. गावात ग्रामोफोन फक्त शाळेच्या मास्तरांकडे. ते तो डोक्यावर घेऊन स्वतः आले. ओटीवर बाबा, भावकीतले चार म्हातारे, मास्तर; वहिनी माजघराच्या दाराआड, पदर सावरून. मास्तरांनी चावी दिली.

दादाचा आवाज आमच्या घरात आला. बाबांनी आधी दादाकडे बघितलं, मग त्या ग्रामोफोनकडे. बोट गेली, धूर दिसला. दाराआडची बांगडी वाजायची थांबली. स्वतःच्या ओळी तिने ओळखल्या असणार. 'दिवा लाविते तिन्हीसांजा.' आणि मग ती जागा आली. गिटार, सुईची करकर, आणखी काही नाही. दादाची मान खाली गेली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिचं नाव आम्ही घालवलं होतं आणि तिची ओळही.

तेवढ्यात दाराआडून वहिनी म्हणाली, हळू, पण स्वच्छ सुरात, "मला पाऊल वाजलं वाटे."

सासऱ्यापुढे, भावकीपुढे, सुनेने तोंड उघडून गाणं म्हटलं. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. तिने ओळ दादाने बदललेल्या बोलीत म्हटली होती, तिथल्या तिथे जुळवून, आणि अगदी ठेक्यात. सुई शेवटच्या रेघेत घुमत राहिली. बाबा बराच वेळ पायरीकडे बघत होते. मग म्हणाले, "परत लाव रे."

त्या दिवशी ती पाच वेळा वाजली आणि पाचही वेळा तिने ओळ म्हटली. विहिरीवर पाणी काढताना तिने दादाला विचारलेलं मी ऐकलं, "ती ओळ माझ्यासाठी सोडलात?"

दादाने तिच्या हातातला दोर घेतला. "व्हय तर," तो म्हणाला.

मी पुढे झालो नाही. खोटं आहे हे मला माहीत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझी जीभ उचलेना. वर्षानुवर्षं ते माझ्या मनात खुपत राहिलं. दादाचा आवाज वैद्य म्हणाले तसाच गेला, आधी गाण्यातून, मग बोलण्यातूनही. तो गिरणी सोडून गावाला गेला आणि अंगणात बसून ओठ हलवून बोलू लागला, साचे खात्यातल्यासारखा. वहिनीला ते ओठ वाचता यायला लागले. मुंबईत तिला तो कधीच आणू शकला नाही. सभा जिंकल्या, मुंबई मिळाली, आणि तिला जागा मिळाली नाही ती नाहीच. एका हिवाळ्यात दादा गेला.

मला पुढे काळाचौकीत स्वतःची खोली झाली. दादा गेल्यावर दोन वर्षांनी वहिनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. तिची मुंबईची पहिली खेप. भोंगा झाला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि येणारे लोक बघायची. कुणाला शोधायची हे मी विचारलं नाही. मुलाने कुठूनसं जुन्या तबकड्या वाजवणारं यंत्र मिळवलं होतं. एका संध्याकाळी, घरात आम्ही दोघंच असताना, ती म्हणाली, "लावा बघू."

मी लावली. दादा गायला. जागा आली आणि वहिनीने आपली ओळ म्हटली, थरथरत्या आवाजात, पण ठेक्यात. मी सुई उचलली.

"खरां सांगा, भावोजी," ती म्हणाली. "ते इसारले होते मां?"

मी मान डोलावली. मग सगळंच सांगितलं. तिन्ही मजल्यांचे गडी, छताची गादी, मालकाचं बोट, माझ्या जिभेवरचा शब्द. तिचं नाव न घेता आलेले आम्ही दोन बावळट.

"माका तेवाच कळलां," ती म्हणाली. "तेंची मान खाली गेली मां, तेवाच. म्हणान तर म्हटलंय मी. चार माणसांत तेंची ओळ उघडी कशी ठेवतलंय?"

"आणि विहिरीवर विचारलंत ते?"

"तेंका बरां वाटाक होयां म्हणान."

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर ओळ तबकडीवर आली असती. ते एक मला आजही जाळतं."

तिने पदराने डोळ्यातलं औषध टिपलं आणि माझ्याकडे बघून हसली.

"बरां झालां, भावोजी. तुमी ती ओळ म्हटली असती, तर माका तेंच्या वांगडा, तेंच्या सोबतीक, जागा खंय होती?"

मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.